बाटलीच्या आधी एमआरआयच्या तारखा ठरवा: अल्झायमरच्या प्रतिपिंड उपचारांबाबत खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग व वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन;
तसेच अल्झायमरसाठी इन्फ्युजन सेवा सुरू करू पाहणाऱ्या राज्यातील रुग्णालयांचे व्यवस्थापन

विषय: डोनानेमॅब कोणत्या रुग्णालयाने द्यावे आणि कोणत्या अटींवर

महोदय, महोदया,

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये डोनानेमॅब या औषधाला भारतात परवानगी दिली. अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी, चार आठवड्यांतून एकदा शिरेतून हळूहळू द्यायचे (यालाच इन्फ्युजन म्हणतात) हे प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटणारे प्रथिन, आहे. परवानगी मिळाली की पुढची पायरी ठरलेली असते. एखादी डे केअरची खोली रंगवली जाते, चार आरामखुर्च्या येतात, दारावर ‘मेमरी सेंटर’ अशी पाटी लागते. आमची हरकत खोलीला नाही. खोलीच्या मागे काय आहे, याबद्दल हे पत्र आहे.

मागणी एकच आहे. पहिल्या सहा महिन्यांतले पाच एमआरआय ठरल्या वेळी करून घेणे, ते जाणत्या माणसाकडून वाचून घेणे आणि त्या वाचनावरून त्या दिवशीचे औषध रद्द करणे ज्या रुग्णालयाला जमत नाही, त्याने हे औषध मागवू नये. शासनाने स्वतःच्या रुग्णालयांसाठी तसा आदेश काढावा आणि खासगी रुग्णालयांसाठी तशाच मार्गदर्शक सूचना द्याव्यात. एवढा हट्ट कशासाठी, ते खाली लिहितो.

अल्झायमरच्या मेंदूत अमायलॉइड-बीटा नावाच्या प्रथिनाचे थर साचतात. डोनानेमॅब त्यांतल्या जुन्या, घट्ट झालेल्या थरांना जाऊन चिकटते. मग मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी, तो थर खाऊ लागतात. सफाई खरोखर होते, त्यात वाद नाही. दीड वर्षात पेट स्कॅनवरचे, म्हणजे किरणोत्सारी रसायन टोचून काढलेल्या मेंदूच्या चित्रातले, अमायलॉइड सरासरी ८० टक्क्यांहून अधिक घटते. अडचण अशी, की अमायलॉइड फक्त पेशींच्या मधल्या जागेत नसते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही ते मुरलेले असते. जुन्या भिंतीची ओल काढायला गेले की पोपडे सुटतात, तसे काहीसे इथे होते. भिंतीतले अमायलॉइड निघू लागले की ती काही काळ पाझरते. पाणी पाझरले तर मेंदूला सूज येते, तिला आरिया-ई म्हणतात. रक्त पाझरले तर बारीक ठिपके किंवा मेंदूच्या पृष्ठभागावर लोहाची रेघ उरते, ती आरिया-एच.

ट्रेलब्लेझर-एएलझेड २ या डोनानेमॅबच्या मोठ्या चाचणीत १,७३६ जण होते. डोनानेमॅब घेतलेल्यांपैकी २४ टक्क्यांत आरिया-ई दिसला, औषध नसलेल्या गटात २.१ टक्के. आरिया-एच ३१.४ टक्के, विरुद्ध १३.६. सूज आलेल्यांपैकी बहुतेकांना काहीच जाणवले नाही. लक्षणे दिसली ती एकूण औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांना. तीन मृत्यू औषधाशी जोडले गेले. यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘काहीच जाणवले नाही’ ही आहे. रुग्ण हसतमुख येतो, चहा घेतो, रक्तदाब ठीक असतो आणि मेंदूच्या मागच्या भागात सहा सेंटीमीटरची सूज असते. सिस्टरच्या किंवा डॉक्टरच्या नजरेला ती पकडता येत नाही. एमआरआयलाच येते.

आता औषधाच्या मात्रेविषयी, कारण इथे जुना आणि नवा असे दोन क्रम फिरत आहेत. एका बाटलीत २० मिलिलिटरमध्ये ३५० मिलिग्रॅम असते. मूळ क्रमात पहिल्या तीन वेळी प्रत्येकी ७०० मिलिग्रॅम आणि चौथ्यापासून १,४०० मिलिग्रॅम दिले जाई. नव्या क्रमात पहिल्या वेळी ३५०, दुसऱ्या वेळी ७००, तिसऱ्या वेळी १,०५० आणि चौथ्यापासून १,४००. दोन्ही रीतींत पहिल्या तीन वेळी मिळून सहाच बाटल्या लागतात, वर्षाच्या १३ इन्फ्युजनना ४६ बाटल्या लागतात. पैशाचा फरक शून्य. पण २४ आठवड्यांपर्यंत आरिया-ई येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आले. म्हणूनच अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये परवान्यावरचा क्रम बदलला गेला. एवढ्या फुकट मिळणाऱ्या सुरक्षिततेकडे पाठ फिरवायला कोणतेही कारण नाही. तरीही २०२३-२४ मधल्या लेखांवरून बनवलेले जुने तक्ते वॉर्डात चिकटवलेले राहतात. ते आजच काढावेत आणि औषधाच्या पेटीतल्या ताज्या माहितीपत्रकाशी ताडून नवा तक्ता लावावा.

फार्मसीसाठी थोडे. बाटल्या २ ते ८ अंश सेल्सियसला, मूळ खोक्यात, प्रकाशापासून दूर. गोठू द्यायच्या नाहीत, हलवायच्या नाहीत. फ्रिजच्या मागच्या पत्र्याला टेकून ठेवलेली बाटली गोठते आणि पुन्हा वितळल्यावर दिसायला अगदी साफ दिसते. प्रथिन मात्र बिघडलेले असू शकते. म्हणून औषधासाठी वेगळा फ्रिज, त्यात कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर आणि वीज गेल्यावर जनरेटरवर चालणारी लाइन. सिस्टरांचे डबे आणि इन्सुलिन ज्यात असते तो घरगुती फ्रिज चालणार नाही, कारण त्याचे दार दिवसातून शंभरदा उघडते. औषध पातळ करायला फक्त ०.९ टक्के सोडियम क्लोराइड. डेक्स्ट्रोज नाही, रिंगर लॅक्टेट नाही. पातळ केल्यावर तीव्रता दर मिलिलिटरला ४ ते १० मिलिग्रॅमच्या दरम्यान हवी. म्हणजे ३५० मिलिग्रॅमसाठी एकूण द्रव ३५ ते ८७.५ मिलिलिटर आणि १,४०० मिलिग्रॅमसाठी १४० ते ३५० मिलिलिटर. सवयीने पहिल्या दिवशीच एका बाटलीचे औषध ५०० मिलिलिटरच्या सलाईनमध्ये सोडले, तर ते वाजवीपेक्षा फार विरळ होते. बाटली आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. मिसळताना पिशवी हळूच उलटी-सुलटी करावी. फेस आला तर समजावे की हलवली गेली. साधारण ३० मिनिटांत औषध संपवून मग नळीत उरलेले सलाईनने आत ढकलावे, नाहीतर शेवटचे काही मिलिलिटर कचऱ्यात जातात. त्यानंतर निदान ३० मिनिटे रुग्ण खुर्चीतच.

या अर्ध्या तासात थंडी वाजणे, अंग लाल होणे, घाम, मळमळ, छातीत दडपण, रक्तदाब खाली-वर होणे यांवर लक्ष ठेवायचे. चाचणीत अशी प्रतिक्रिया सुमारे ८.७ टक्क्यांना आली. बहुतेक वेळा औषध थांबवून अँटिहिस्टॅमिन आणि पॅरासिटामॉल दिल्यावर भागते. तरी अॅड्रेनॅलिन ट्रेमध्ये हवे, कुलूपबंद कपाटात नको. ही बाजू आपल्याकडच्या सिस्टर उत्तम सांभाळतात. कॅन्सरच्या डे केअरमध्ये याहून अवघड प्रतिपिंडे त्या रोज देतात. आमची धास्ती तिथे नाही.

धास्ती एमआरआयची आहे. सुरू करण्याआधी एक, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि सातव्या इन्फ्युजनच्या आधी एकेक. इन्फ्युजन चार आठवड्यांनी, म्हणजे सुरुवातीच्या एमआरआयनंतर साधारण ४, ८, १२ आणि २४ व्या आठवड्याच्या अलीकडे. वीस रुग्ण घेतले की सहा महिन्यांत शंभर एमआरआय झाले. ज्या शासकीय महाविद्यालयात अपघाताच्या रुग्णालाही तारीख मिळवताना नाकी नऊ येतात, तिथे हे शंभर कुठून आणायचे, याचे उत्तर आधी कागदावर यावे. वीस जमत नसतील तर चार घ्यावेत. चार रुग्णांचे केंद्र चालवण्यात कमीपणा नाही.

आमचा व्यवहार्य तोडगा असा. पहिल्या दिवशी औषधाची तारीख देऊच नये. आधी पाचही एमआरआयच्या तारखा मशीनच्या रजिस्टरमध्ये पक्क्या कराव्यात. त्यांतल्या प्रत्येकीनंतर चार-पाच दिवसांनी इन्फ्युजनची तारीख टाकावी. फार्मसीने बाटली फ्रिजमधून बाहेर काढण्यापूर्वी दोन सह्या पाहाव्यात: रेडिओलॉजिस्टची आणि मेंदूविकारतज्ज्ञाची. दोन्ही त्याच आठवड्यातल्या. सही नसेल तर बाटली निघत नाही, मग समोर कोणीही उभे असो. कारण पुढचे दृश्य ठरलेले आहे. कुटुंब जालन्याहून किंवा चिपळूणहून पहाटे निघालेले असते, एमआरआयचे मशीन बंद पडलेले असते आणि मुलगा म्हणतो, ‘साहेब, एवढ्या लांबून आलोय, या वेळी देऊन टाका, पुढच्या वेळी फोटो काढू.’ माणुसकीने हो म्हणावेसे वाटते. तिथेच चुकते. इन्फ्युजन काही दिवस पुढे गेल्याने काही बिघडत नाही; चुकलेली मात्रा शक्य तितक्या लवकर, त्याच प्रमाणात देऊन पुढे चार आठवड्यांचा क्रम धरता येतो. न पाहिलेल्या सुजेवर पुढची, मोठी मात्रा घातली तर बिघडते.

एमआरआय कसा काढायचा, हेही लिहून द्यावे लागेल, कारण ‘एमआरआय ब्रेन’ एवढ्या चिठ्ठीवर प्रत्येक सेंटर आपापल्या पद्धतीने काढते. एमआरआयच्या वेगवेगळ्या पद्धतींपैकी सूज पाहायला फ्लेअर, रक्ताचे ठिपके पाहायला जीआरई किंवा एसडब्ल्यूआय आणि ताजा पक्षाघात ओळखायला डिफ्यूजन हवे. १.५ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) मशीन चालते. ३ टेस्लाचा हट्ट नको. हट्ट धरायचा तो एकाच मशीनचा आणि एकाच पद्धतीचा. एसडब्ल्यूआय ही जीआरईपेक्षा अधिक तीक्ष्ण पद्धत आहे. पहिला फोटो जीआरईने काढला आणि दुसरा दुसऱ्या सेंटरवर एसडब्ल्यूआयने, तर कालपर्यंत दोन असलेले ठिपके आज सात दिसतील. रुग्णाच्या मेंदूत काही झालेलेच नाही, मशीन बदलले आहे. पण नियमाप्रमाणे औषध थांबेल आणि कुटुंब घाबरून जाईल. उलटेही होते: आधी एसडब्ल्यूआय आणि नंतर जीआरई केले तर खरोखरचे नवे ठिपके लपतात. स्वस्त पडते म्हणून दर वेळी वेगळ्या सेंटरला पाठवणे इथे महागात जाते. आधीच्या फोटोंची सीडी सोबत हवी, फिल्म पुरत नाही. रेडिओलॉजिस्टने नवा आणि जुना शेजारी-शेजारी ठेवून पाहायचे आहेत.

चिठ्ठीवर ‘अमायलॉइडविरोधी प्रतिपिंड सुरू आहे, कितवे इन्फ्युजन, शेवटची तारीख’ एवढे ठळक लिहिलेच पाहिजे. ते नसेल तर आपल्या भागात वाचन हमखास दुसरीकडे जाते. मेंदूच्या घड्यांत साचलेले आरिया-ईचे पाणी फ्लेअरवर उजळ दिसते आणि तसाच उजळपणा क्षयाच्या मेंदूज्वरातही दिसतो. माहिती नसलेल्या रेडिओलॉजिस्टने तसे लिहिले तर रुग्णाला टीबीच्या गोळ्या सुरू होऊ शकतात. दुसरा सापळा न्यूरोसिस्टिसर्कोसिसचा, म्हणजे मेंदूत फीतकृमीच्या अळ्यांनी होणाऱ्या गाठींचा. बऱ्या झालेल्या जुन्या गाठींत कॅल्शियम बसते आणि ते जीआरईवर रक्ताच्या ठिपक्यासारखेच काळे दिसते. औषध सुरू करण्याआधी चारहून अधिक सूक्ष्म रक्तस्राव असतील तर रुग्ण घ्यायचा नाही, असा दंडक आहे. त्यामुळे कॅल्शियमचे ठिपके रक्त म्हणून मोजले तर योग्य रुग्ण नाकारला जातो आणि रक्ताचे ठिपके ‘जुनी गाठ असेल’ म्हणून सोडून दिले तर अयोग्य रुग्ण आत येतो. एसडब्ल्यूआयच्या फेज चित्रात किंवा साध्या सीटीत दोन्ही वेगळे ओळखता येतात. युरोप-अमेरिकेच्या प्रशिक्षण साहित्यात या दोन गोष्टी मिळतीलच असे नाही, कारण तिथे हे दोन्ही आजार तुरळक. आपल्या महाविद्यालयांनी निदान वीस-पंचवीस फोटोंचा स्वतःचा संच बनवून रेडिओलॉजीच्या निवासी डॉक्टरांना दाखवावा.

मोजमाप ठरलेले आहे. सूज एकाच जागी आणि ५ सेंटीमीटरच्या आत असेल तर सौम्य, एका जागी ५ ते १० सेंटीमीटर किंवा एकाहून अधिक जागी, प्रत्येक १० च्या आत, तर मध्यम, त्यापुढे तीव्र. नवे ठिपके चारपर्यंत सौम्य, पाच ते नऊ मध्यम, दहा किंवा अधिक तीव्र. अहवालात ‘थोडी सूज दिसते’ असे वाक्य असेल तर तो परत पाठवावा. सेंटीमीटर आणि आकडा हवा, कारण पुढचा निर्णय त्यावरच उभा आहे. सौम्य आणि लक्षणविरहित सूज असेल तर तज्ज्ञाच्या विचाराने चालू ठेवता येते. मध्यम किंवा तीव्र असेल, किंवा लक्षणे लक्षणीय असतील, तर थांबायचे आणि दोन ते चार महिन्यांनी पुन्हा एमआरआय करून सूज ओसरल्याची खात्री करायची. एक सेंटीमीटरहून मोठा रक्तस्राव झाला तर आमच्या मते प्रकरण बंद करावे.

आता कॅज्युअल्टी. हा भाग आरोग्य विभागाने विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण इथे चूक करणारे लोक अल्झायमरच्या केंद्रात नसतीलच. ते तालुक्याच्या रुग्णालयात असतील, रात्री दोन वाजता. आरिया-ई अनेकदा हुबेहूब पक्षाघातासारखा येतो: बोबडी वळणे, एक बाजू लुळी पडणे, दृष्टी अर्धी जाणे, कधी झटका. १०८ ची गाडी रुग्णाला आणते, सीटीमध्ये रक्त दिसत नाही, वेळेची खिडकी उघडी असते आणि ड्यूटीवरचा डॉक्टर, शिकवल्याप्रमाणे, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतो. पाझरणाऱ्या रक्तवाहिन्यांवर हे इंजेक्शन म्हणजे मेंदूभर रक्तस्रावाला निमंत्रण. ही भीती कल्पनेतली नाही. लेकॅनेमॅब या याच जातीच्या औषधाचे तिसरे इन्फ्युजन घेतल्यानंतर चार दिवसांनी पक्षाघाताची लक्षणे आलेल्या अमेरिकेतल्या एका ६५ वर्षांच्या रुग्णाला असेच इंजेक्शन दिले गेले आणि जागोजागी रक्तस्राव होऊन मृत्यू झाला. जानेवारी २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ते प्रसिद्ध झाले. त्या डॉक्टरांनी पक्षाघाताचा नियम मोडला नव्हता, पाळला होता.

म्हणून रुग्णाच्या खिशात आणि नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये मराठीत व इंग्रजीत एक लाल कार्ड हवे. मजकूर एवढाच: ‘या व्यक्तीला डोनानेमॅब दिले जात आहे. शेवटची तारीख अमुक. अचानक डोकेदुखी, गोंधळ, बोबडी, हात-पाय लुळे पडणे, झटका आल्यास तातडीने एमआरआय करावा. केवळ सीटीवरून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊ नये. आधी खालील क्रमांकावर बोलावे.’ त्या क्रमांकावर चोवीस तास माणूस हवा. रिसेप्शनचा नंबर, जो संध्याकाळी सहाला बंद होतो, तो नको. हाच धोका हृदयविकाराच्या झटक्यातही आहे, तिथेही तेच इंजेक्शन वापरतात. तेव्हा जिल्ह्यातल्या फिजिशियन मंडळींनाही कळवावे. ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे कायमची लागतात, उदाहरणार्थ हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना, त्यांना हे प्रतिपिंड सुरू न करणे हाच आमचा सल्ला. अॅस्पिरिनची साधी मात्रा चालते.

रुग्ण निवडताना सगळ्यात मोठी गाळणी टप्प्याची आहे. औषध सौम्य स्मृतिदोष आणि सौम्य स्मृतिभ्रंश यांच्यासाठी आहे. आपल्याकडे ‘वय झाले, विसरणारच’ म्हणत कुटुंब येते तोवर आजोबा घरचा रस्ता विसरलेले असतात किंवा आजी सुनेला ओळखेनाशी झालेली असते. तो मध्यम टप्पा. तिथे हे औषध द्यायचे नाही. एमएमएसई या स्मृती-आकलनाच्या छोट्या परीक्षेतले गुण चाचणीत २० ते २८ होते. पण शाळेत न गेलेल्या बाईला शंभरातून सात-सात वजा करायला सांगून गुण कापले तर ती विनाकारण खालच्या टप्प्यात जाते आणि निवृत्त प्राध्यापक खरा घसरलेला असूनही २७ मिळवतो. गुणांसोबत घरची हकीकत घ्यावी: पेन्शनचे पैसे मोजता येतात का, कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब राहतो का, एसटीने एकटे जाता येते का.

त्यानंतर मेंदूत अमायलॉइड आहे याचा पुरावा. तो नसताना अमायलॉइड काढणारे औषध देणे म्हणजे नुसता धोका. पेट स्कॅन उत्तम, पण त्याच्या रसायनातल्या फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे. मुंबईतून भरलेली मात्रा साडेपाच तासांच्या रस्त्याने नेली तर पोचेपर्यंत अष्टमांश उरते. विदर्भ-मराठवाड्यासाठी म्हणून पाठीच्या कण्यातले पाणी तपासणे अधिक सोयीचे. तिथेही एक छोटी गोष्ट निकाल उलटवते: अमायलॉइड काचेला आणि पॉलिस्टायरीनला चिकटते. साध्या बल्बमध्ये पाणी घेतले की प्रयोगशाळेत आकडा खोटा कमी येतो आणि निरोगी माणूस ‘अल्झायमर’ ठरू शकतो. पॉलिप्रॉपिलीनची नळीच हवी, आणि एका नळीतून दुसरीत ओतायचे नाही. रक्तातली पी-टाऊ२१७ ची (टाऊ या अल्झायमरमध्ये साचणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाच्या एका रूपाची) तपासणी आशादायक आहे, पण मूत्रपिंड अधू असले तर तीही वाढलेली दिसते. मधल्या पट्ट्यातला निकाल आला तर त्यावर विसंबू नये. बी१२, थायरॉइड, नैराश्य, ऐकू न येणे, रात्रीच्या झोपेच्या गोळ्या, ही यादी तर त्याही आधी तपासायची. शाकाहारी घरांत बी१२ अनेकदा एकटेच गुन्हेगार निघते.

एपीओई या अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेल्या जनुकाची चाचणी टाळू नये. या जनुकाच्या ई४ प्रकाराची एकही प्रत नसलेल्यांत आरिया-ई १५.७ टक्के, एक प्रत असेल तर २२.८ आणि दोन असतील तर ४०.६ टक्के. युरोपीय संघाने दोन प्रती असलेल्यांना हे औषध नाकारले आहे. आपल्या राज्यातही सुरुवातीला तसेच करावे, असे आमचे मत आहे. चाचणीपूर्वी एवढे सांगावे लागेल, की दोन प्रती निघाल्या तर प्रत्येक मुलाकडे एक तरी प्रत असणारच. निकाल एकट्या रुग्णाचा राहत नाही.

संमतीपत्राविषयी. ‘अल्झायमर बरा करणारे औषध’ असा फलक कुठल्या रुग्णालयाने लावला तर शासनाने तो उतरवावा. खरे आकडे असे: ७६ आठवड्यांच्या चाचणीत आजार वाढतच राहिला, दोन्ही गटांत. सीडीआर-एसबी या स्मृतिभ्रंशाच्या तीव्रतेच्या १८ गुणांच्या मापावर औषध घेणाऱ्यांची घसरण १.७२, न घेणाऱ्यांची २.४२. फरक ०.७. टाऊ प्रथिन फार न पसरलेल्यांत हा फरक वेळेत मोजला तर मापानुसार साधारण साडेचार ते साडेसात महिने. काही कुटुंबांना एवढे महिने लाखमोलाचे वाटतील. नातवाचे लग्न, स्वतःच्या हाताने केलेले मृत्युपत्र, आणखी एक वारी. काहींना पाच एमआरआय आणि तेरा खेपा नकोशा वाटतील. दोघेही बरोबर. त्यांना आकडा मराठीत, तोंडी, रुग्णाला समजत असतानाच सांगायला हवा. गेलेली आठवण परत येणार नाही, हे वाक्य छापून घ्यावे. चाचणीतले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक श्वेतवर्णीय होते, हेही. परदेशातल्या मुलाने फोनवरून आग्रह धरला म्हणून इथल्या आईची सही घेणे, याला संमती म्हणत नाहीत.

पैशाबद्दल थोडक्यात. हे औषध सध्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेऊ नये. अमेरिकेत बाटलीची मूळ किंमत ६९५.६५ डॉलर, वर्षाचे सुमारे ३२,००० डॉलर, आणि त्यात एमआरआय, पेट, खुर्ची काही नाही. ब्रिटनमध्ये परवाना मिळूनही एनआयसीईने (सरकारी आरोग्यसेवेत कोणते औषध द्यावे, हे सुचवणाऱ्या संस्थेने) २०२४ च्या मसुद्यात खर्चाच्या मानाने फायदा तोकडा म्हणून शिफारस नाकारली. योजनेतून द्यायचेच असेल तर निदानाचा खर्च द्यावा. त्याचा लाभ औषध न मिळणाऱ्यांनाही होतो. जे स्वखर्चाने घेतील त्यांना थांबण्याचा हक्कही कळवावा: पेट स्कॅनवर अमायलॉइड पुरेसे साफ झालेले दिसले तर डोनानेमॅब बंद करता येते. चाचणीतही बऱ्याच जणांचे वर्षभरात बंद झाले. बाटल्या विकणाऱ्याला हे आठवण करून द्यायची घाई नसते.

आणखी एक. प्रतिपिंड हा शब्द आता विकला जाऊ लागेल. पार्किन्सनसाठी सिनपानेमॅब निष्फळ ठरून २०२१ मध्ये थांबले. टाऊविरोधी गोसुरानेमॅब, टिलाव्होनेमॅब हातचे गेले. अमायलॉइडवरचीच बापिनुझुमॅब, सोलानेझुमॅब, गँटेनेरुमॅब मोठ्या चाचण्यांत पडली. अॅड्युकॅनुमॅबला २०२१ मध्ये अमेरिकेत वादग्रस्त परवानगी मिळाली आणि कंपनीने २०२४ मध्ये ते गुंडाळले. पार्किन्सन, एएलएस (स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशींचा आजार) किंवा ‘सर्व प्रकारचे स्मृतिभ्रंश’ यांवर प्रतिपिंड देतो, असे सांगणारे केंद्र दिसले तर अन्न व औषध प्रशासनाने तिथे जाऊन फ्रिज उघडावा. स्टेम सेलच्या नावाखाली काय काय चालले, ते सगळ्यांच्या लक्षात आहेच.

राज्याने एक नोंदवही ठेवावी. तीत वय, टप्पा, एपीओई, प्रत्येक इन्फ्युजनची व एमआरआयची तारीख, आरियाचा आकडा, थांबवण्याचे कारण आणि दीड वर्षानंतरची स्थिती. नाव नको, क्रमांक पुरे. ती न भरणाऱ्या केंद्राला पुढचा रुग्ण घेता येऊ नये. आपल्या लोकांत आरिया किती येतो, हे दुसरे कोणी मोजून देणार नाही.

आणि जे गाळणीत अडकतील, त्यांच्यासाठी त्याच खोलीत एक टेबल ठेवावे. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले फार थोडे या औषधाच्या निकषांत बसतील. बाकीच्यांना ‘तुम्हाला देता येत नाही’ एवढे सांगून लिफ्टकडे पाठवू नये. डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशाच्या नेहमीच्या गोळीची मात्रा तपासून द्यावी, रक्तदाब आणि साखर पाहावी, कानाचे यंत्र लिहून द्यावे, काळजी घेणाऱ्या सुनेला किंवा मुलीला आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या मिळतील असे जवळचे दिवस-केंद्र सांगावे. या टेबलावरच्या समाजसेविकेचा पगार केंद्राच्या प्रस्तावात पहिल्याच पानावर असावा.

आपले,
मेंदूविकार, रेडिओलॉजी, औषधनिर्माण आणि परिचर्या या शाखांत काम करणारे आम्ही काही जण